बैठकीची खोली कोणासाठीं?

पावसाळा ओसरून नवरात्र आटोपलें आणि दिवाळीची चाहूल लागली, कीं आमच्या घराघरांतून दरसाल एक चर्चा सुरू होते. भिंतींस रंग कोणता द्यावा, जुना सोफा काढून नवा घ्यावा कीं त्यालाच नवें कापड चढवावें, छताखालीं फॉल्स सीलिंग करून त्यांत दिवे दडवावे काय, कीं मधोमध एखादें झुंबर टांगावें, हे त्या चर्चेचे नेहमींचे विषय होत. तरुण मंडळी मोबाइलवर चित्रें दाखवितात, वडील मंडळी खर्चाचा आंकडा विचारतात, आणि शेवटीं बहुधा शेजारच्या बिऱ्हाडीं जें दिसलें तेंच थोड्या अधिक किंमतीचें आपल्या घरीं येतें. या महिन्यांत याच विषयाचा थोडा व्यवस्थित विचार करावा, असा आमचा मानस आहे. परंतु कोणतें सामान घ्यावें व कोणता दिवा लावावा हें सांगण्यापूर्वीं एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे. कारण त्याचें उत्तर मिळाल्यावांचून बाकीचीं सारीं उत्तरें व्यर्थ होत. तो प्रश्न असा, कीं ही खोली आपण कोणासाठीं मांडीत आहोंत?

संस्कृतांत 'सद्' धातूचा अर्थ बसणें असा आहे. परिषद्, संसद्, उपनिषद् हे शब्द त्याच धातूपासून निघाले, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. परंतु घर या अर्थाचा 'सदन' हा शब्दही त्याच धातूचा आहे, हें पुष्कळदां लक्षांत येत नाहीं. माणसें जेथें एकत्र बसतात तें सदन, ही व्याख्या मोठी अर्थपूर्ण आहे. उलट 'दिवाणखाना' हा शब्द फारसींतून आला आणि तो मूळचा दरबाराचा. दरबारांत बसणारा एक आणि पाहणारे अनेक. तेथील मांडणी दुसऱ्याच्या नजरेसाठीं असते. आमच्या आजच्या लहानशा खोल्यांना हीं दोन्ही कामें करावीं लागतात, आणि अनुभव असा आहे कीं दिवाणखान्यानें हळूहळू सदनाला बाहेर घालविलें आहे. परकीय शब्दांशीं वा वस्तूंशीं आमचें वैर मुळींच नाहीं. खुर्ची हा शब्द अरबी 'कुर्सी'चा, आणि सोफा हा अरबी 'सुफ्फा'चा, म्हणजे बसण्यासाठीं बांधलेल्या उंचवट्याचा वंशज आहे. आमच्या जुन्या घरांतील सोपा ध्वनि आणि अर्थ या दोहोंनीं त्याच्या अगदीं शेजारीं बसतो. वस्तु कोठलीही असो, ती आपल्या माणसांच्या उपयोगी पडली म्हणजे ती आपलीच झाली.

म्हणून बाजारांत पाऊल टाकण्यापूर्वीं एक कागद घ्यावा आणि शाळेंतील हजेरीपटाप्रमाणें घरच्या माणसांचा एक पट तयार करावा. डाव्या बाजूस नांवें, वरच्या बाजूस दिवसाच्या वेळा: सकाळचा चहा, दुपार, दिवेलागण आणि रात्रीच्या जेवणानंतरचा तास. तें माणूस त्या वेळीं या खोलींत कोठें बसतें व काय करतें, तें प्रत्येक चौकटींत लिहावें. आमचा सारा जन्म हजेरी घेण्यांत गेला असल्यामुळें ही युक्ति आम्हांला सुचली, असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं. परंतु ती करून पाहण्यासारखी खास आहे.

समजा, घरांत आजोबा, आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें मिळून ९ माणसें आहेत, आणि खोली १० फूट रुंद व १५ फूट लांब आहे. पुण्यामुंबईच्या बहुतेक बिऱ्हाडांत ती याहून फारशी मोठी नसते. दुकानांतील सोफासेट तीन अधिक एक अधिक एक, म्हणजे ५ जणांचा. नवांतून पांच गेले, उरले चार. पट भरूं लागलें म्हणजे दिसतें तें असें, कीं आजोबा वर्तमानपत्र घेऊन खिडकीशीं, मुलगे टी.व्ही.समोर, नातवंडें खालीं फरशीवर. सुनांच्या नांवापुढील चौकटी मात्र कोऱ्या राहतात, किंवा तेथें 'स्वयंपाकघराच्या दारांत, उभी' असें लिहावें लागतें. हातांत चहाचा कप आहे, गोष्टींत भागही घेत आहे, पण उंबऱ्याच्या आंत पाऊल नाहीं, असें दृश्य आम्ही किती सुसंस्कृत घरांतून पाहिलें असेल, त्याची गणति नाहीं. दिवसभर नोकरी करून आलेल्या सुनेला या खोलींत स्वतःची म्हणून एक जागा नसावी, हा दोष कोणाच्या स्वभावाचा असेलच असें नाहीं. पुष्कळदां तो केवळ आसनांच्या संख्येचा असतो. पण वर्षानुवर्षें उभें राहणाऱ्या माणसाला तो स्वभावाचाच वाटूं लागतो.

यावर कोणी म्हणेल, कीं पाहुण्यांचें काय? अतिथि घरीं येतो तेव्हां बैठक नीटनेटकी नको काय? अवश्य हवी. परंतु पाहुणा वर्षांतून किती दिवस येतो आणि घरचीं माणसें किती दिवस बसतात, याचा हिशेब कठीण नाहीं. शिवाय जेथें घरचीं माणसें मोकळेपणानें बसतात तेथेंच पाहुण्यालाही बसावेंसें वाटतें. ज्या सोफ्यावर मुलांना पाय ठेवूं देत नाहींत, त्यावर पाहुणाही अंग चोरूनच बसतो.

वरील खोलींत मोठ्या सोफासेटाऐवजीं ६ फूट लांबीचा एक दिवाण भिंतीशीं ठेवावा. त्यावर तिघें ऐसपैस बसतात, आणि वेळप्रसंगीं एकजण झोपतो. त्याच्या खालच्या पेटींत अंथरुणें राहतात, हा आणखी एक लाभ. दोन उंच, हात असलेल्या खुर्च्या वडील माणसांसाठीं. दोन बिनहाताच्या, सहज उचलतां येतील अशा हलक्या खुर्च्या. आणि एका कोंपऱ्यांत सतरंजी, पातळ गादी व दोन तक्के यांची जमिनीवरील बैठक. मोजून पाहा: नऊही माणसें बसून वर एका पाहुण्याची सोय होते. झोपाळ्याची हौस ज्यांना आहे त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं तो टांगण्यास भक्कम तुळई वा कड्या लागतात, आणि हेलकाव्याची जागा कायमची मोकळी ठेवावी लागते. दहा फुटी खोलींत ती परवडत नाहीं. गच्चींत वा ओसरीवर तो शोभतो.

आतां आसनाच्या मापाकडे वळूं. आमच्या ओळखीच्या एका घरीं गेल्या वर्षीं अत्यंत मऊ आणि खोल असा सोफा आला. घरांतील आजीबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. त्या एकदां त्यांत बसल्या, आणि उठतांना दोघांनीं हात दिल्यावांचून त्यांना उठतां येईना. मुलांना हंसूं आलें, त्याही हंसल्या. परंतु त्यानंतर त्या 'मला आंतच बरें वाटतें' असें म्हणूं लागल्या, आणि दिवेलागणीनंतर त्यांची जागा आंतल्या खोलींतील पलंग ही झाली. रोज रात्रीं नातवंडांना मिळणाऱ्या गोष्टी बंद पडल्या. त्या कशामुळें बंद पडल्या, हें घरांत कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं. वडील माणूस बैठकींतून उठून जातें तें नेहमींच रागावून जातें असें नाहीं. कधीं कधीं तें आसनाच्या उंचीमुळें जातें.

आसनाची परीक्षा सोपी आहे. पाठ पाठीमागें टेकवून बसावें. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, गुडघे जवळजवळ काटकोनांत आले पाहिजेत, आणि बैठकीची पुढची कड व पोटरी यांच्यामध्यें दोनतीन बोटें जाण्याइतकी फट राहिली पाहिजे. सामान्य उंचीच्या वृद्ध माणसाला जमिनीपासून १७ ते १८ इंच उंच आणि सुमारें १८ इंच खोल अशी बैठक सोयीची पडते. दुकानांतील फॅशनेबल सोफे पुष्कळदां १५-१६ इंचांहून उंच नसतात आणि २२ ते २४ इंच खोल असतात. त्यांत माणूस बसत नाहीं, बुडतो. उंची मोजतांना माणूस बसलें असतांना मोजावी, कारण मऊ गादी दोनतीन इंच सहज दबते. खुर्चीला हात असावे आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यावे, म्हणजे त्यांवर भार देऊन उठतां येतें. मुख्य म्हणजे खरेदीस जातांना ज्यांच्यासाठीं आसन घ्यावयाचें त्यांना बरोबर न्यावें आणि दुकानांतच चारदां उठबस करवावी. 'दोन दिवसांत सवय होईल,' असें दुकानदार म्हणतो. परंतु गुडघ्यांना अशी सवय होत नसते. जुना ठेंगणा सोफा टाकवत नसेल तर सुताराकडून त्याच्या पायांस पक्के बसविलेले ठोकळे लावून घ्यावे, आणि पाठीशीं कठीण लोड देऊन खोली कमी करावी. पायांखालीं नुसत्या विटा वा सुटे ठोकळे कदापि ठेवूं नयेत.

याचा अर्थ जमिनीवरची बैठक मोडीत काढावी असा नाहीं. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनीं ती सोडूं नये, असेंच आम्ही म्हणूं. ब्राझीलमध्यें ५१ ते ८० वर्षें वयाच्या सुमारें २,००० माणसांचें निरीक्षण करून २०१२ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें, कीं हातांचा वा गुडघ्यांचा आधार फारसा न घेतां ज्यांना जमिनीवर बसतां व उठतां येत होतें, त्यांच्यांत पुढील काहीं वर्षांतील मृत्यूंचें प्रमाण बरेंच कमी होतें. जमिनीवर बसल्यानें आयुष्य वाढतें असें यावरून सिद्ध होत नाहीं. पण उठबस करण्याची ताकद आणि तोल हीं शरीराच्या एकंदर स्थितीचीं चांगलीं निदर्शक आहेत, एवढें खास म्हणतां येईल. नातवंडांना सतरंजीवर बसूं द्यावें. आजोबांना खुर्ची द्यावी. आणि मधल्या पिढीनें दोन्हीकडे बसावें.

लांकडाविषयीं थोडेंसें. सागवानाचें नांव झालें तें उगीच नव्हे; त्याच्या गाभ्याच्या लांकडांत नैसर्गिक तेलें असल्यामुळें वाळवी त्याच्या सहसा वाटेस जात नाहीं, आणि पावसाळ्यांत तें फारसें फुगत वा वांकत नाहीं. पण हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतच्या फिकट लांकडाचा नव्हे. शिसवीच्या नांवाखालीं दुकानांत बहुधा उत्तरेकडील शीशम मिळतें. तें वाईट नाहीं, परंतु आमच्या जुन्या वाड्यांतील काळ्याभोर शिसवीचें तें भावंड आहे. तीच ती नव्हे. आंब्याचें लांकूड स्वस्त, पण त्यास नीट औषध लावलेलें नसेल तर भुंगा लागतो. लांकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या दिसावयास गुळगुळीत, परंतु पाणी लागलें कीं फुगतात. कोंकणपट्टींत व मुंबईच्या दमट हवेंत त्यांवर फार विसंबूं नये. घरांत आजोबांची जुनी सागवानी खुर्ची असेल, तर नवी घेण्याआधीं तिचे सांधे आंवळून, वेत विणून घेऊन पाहावें. अशा खुर्चीची उंची बहुधा बरोबर असते. कारण ती बसण्यासाठीं केलेली असते.

सामान मांडतांना चालण्याची वाट आधीं आंखावी आणि मग उरलेल्या जागेंत आसनें बसवावीं. दारापासून आंतल्या खोलीपर्यंत अडीच ते तीन फूट रुंदीची सरळ वाट मोकळी हवी; काठी वा चालण्याची चौकट वापरणारें माणूस घरीं असेल तर तीन फूटच धरावी. मधोमध ठेवलेली कांचेची टीपॉय दिवसा शोभते आणि रात्रीं नडगी फोडते. सतरंजीच्या सुट्या कडा, पसरलेल्या विजेच्या तारा आणि निसटणारी पायपुसणीं हीं तर वृद्धांचीं शत्रूच होत. मांडीचें हाड मोडून वर्षभर अंथरुणास खिळलेलीं माणसें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

येथवर आसनाचा विचार झाला, आतां दिव्याचा. आमचे पूर्वज दिव्याच्या बाबतींत आमच्यापेक्षां दरिद्री होते, परंतु अधिक शहाणे होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जुन्या दिव्यांचा मोठा संग्रह आहे. तो मुलांना अवश्य दाखवावा. टांगावयाचा लामणदिवा निराळा, जमिनीवर ठेवावयाची समई निराळी, हातांत धरून न्यावयाचा दिवा निराळा, आणि भिंतींतील कोनाड्यांत ठेवण्याची पणती निराळी. मेणबत्तीच्या एका ज्योतीपासून एक मीटरवर पडणारा उजेड अवघा १ लक्स, म्हणजे अगदीं नांवापुरता. इतक्या थोडक्या उजेडांत लिहिणें, वाचणें, निवडटिपण चालत असे. कारण दिवा कामाच्या जवळ नेला जाई. विजेचा दिवा आला, तो छताला चिकटला, आणि काम दिव्याखालीं यावें अशी आपण अपेक्षा करूं लागलों.

प्रकाशाचा एक साधा नियम शाळेंत शिकविला जातो: अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाई होतो. हा नियम मनांत ठेवून वर सांगितलेल्या खोलीचा हिशेब करूं. तिचें क्षेत्रफळ १५० चौरस फूट, म्हणजे सुमारें १४ चौरस मीटर. २० वॉटची एल.ई.डी. ट्यूब सुमारें २,००० ल्युमेन प्रकाश देते. त्यांतील निम्मा भिंतींवर, छतावर व सामानावर खर्ची पडला असें धरलें, तर १,००० ल्युमेन १४ चौरस मीटरांवर पसरून ७० लक्सच्या आसपास उजेड मिळतो. गप्पा मारण्यास, चहा पिण्यास, माणसांचीं तोंडें ओळखण्यास तो पुरेसा आहे. परंतु वाचनास साधारणपणें ३०० लक्स हवा, आणि वृद्ध डोळ्यांस ५०० असल्यास बरें. साऱ्या खोलींत ३०० लक्स करावयाचा तर तशा चारपांच ट्यूबा लावाव्या लागतील, आणि मग त्या खोलींत कोणाला शांत बसवणार नाहीं. उलट ९ वॉटचा, वरून छत्री असलेला एकच दिवा पुस्तकापासून दोन फुटांवर आणला, तर तेवढ्यांत काम भागतें. तो रोज ४ तास जळला तरी महिन्यास एका युनिटाहून किंचितच अधिक वीज खातो. सारांश, खोलीचा दिवा एक आणि कामाचा दिवा दुसरा, अशी वांटणी केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

वृद्ध डोळ्यांची गोष्ट निराळी कां, तेंही सांगितलें पाहिजे. वय वाढतें तशी डोळ्याची बाहुली लहान राहूं लागते आणि आंतील भिंग पिवळसर व कांहींसें गढूळ होतें. परिणामीं साठीच्या सुमारास डोळ्याच्या आंतील पडद्यावर पोंचणारा प्रकाश विशींतील डोळ्याच्या मानानें सुमारें एकतृतीयांश उरतो. तेव्हां नातवाला जो उजेड 'भरपूर' वाटतो त्याच उजेडांत आजोबा वर्तमानपत्र दूरजवळ धरीत असतील, तर त्यांत त्यांचा हेकेखोरपणा कांहीं नाहीं. त्याच वेळीं उघडा, डोळ्यांत घुसणारा दिवा त्यांना तरुणांपेक्षां अधिक त्रास देतो, कारण गढूळ भिंगांत प्रकाश विखुरतो. म्हणून त्यांना उजेड अधिक हवा, पण दिव्याचें तोंड दिसतां कामा नये. छतांत बसविलेले बारीक, टोंचणारे दिवे याच कारणास्तव त्यांच्या आसनासमोर नसावे. उजेड सुधारूनही दिसत नसेल तर मात्र मोतीबिंदूची तपासणी विलंब न लावतां करवावी.

दिवा विकत घेतांना आजवर आपण वॉट विचारीत आलों. एडिसनचा १८७९ चा दिवा आणि त्याचे वंशज यांच्या काळांत तें ठीक होतें. ते दिवे विजेचा सुमारें विसावा भागच उजेडांत बदलीत, बाकीची उष्णता. आतां दिव्यांची जातच पालटली आहे. निळा प्रकाश देणारा एल.ई.डी. साधल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांना २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या निळ्या प्रकाशावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप चढवून आजचे पांढरे दिवे तयार होतात. आपल्याकडे जानेवारी २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेनें हे दिवे घरोघर पोंचले. आतां वेष्टनावर वॉटापेक्षां तीन गोष्टी वाचावयास शिकलें पाहिजे. पहिली, ल्युमेन, म्हणजे प्रकाश किती. दुसरी, केल्विन, म्हणजे त्याचा रंग: २,७०० ते ३,००० म्हणजे संध्याकाळच्या दिव्यासारखा पिवळसर, ४,००० मध्यम, ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. तिसरी, रंग खरे दाखविण्याचा गुणांक, जो वेष्टनावर सी.आर.आय. या नांवानें छापलेला असतो. १०० पैकीं ८० हून कमी गुण मिळविणारा दिवा आम्ही नापास ठरवूं. अशा दिव्याखालीं हिरवी पैठणी कळकट दिसते आणि माणसांचे चेहरे आजारी.

बैठकीच्या खोलींत संध्याकाळनंतर पिवळसर दिवा असावा, आणि वाचनाच्या जागीं मध्यम रंगाचा. रात्रीं उशिरापर्यंत निळसर पांढरा उजेड डोळ्यांवर घेतला तर झोप लांबते. कांहीं स्वस्त दिवे सेकंदास शंभर वेळां लुकलुकतात. डोळ्यांना तें सरळ दिसत नाहीं, परंतु कांहीं माणसांचें डोकें दुखतें. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरून पाहिल्यास पुष्कळदां पडद्यावर काळे पट्टे सरकतांना दिसतात. तसे पट्टे ठळक दिसणारा दिवा परत करावा. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा येऊं देऊं नये; सांवल्या गरगर फिरून वाचणाराचें चित्त थाऱ्यावर राहत नाहीं.

दिवसाच्या उजेडाशीं कोणत्याही दिव्याची स्पर्धा होऊं शकत नाहीं. ढगाळ दिवशींही उघड्यावर हजारों लक्स उजेड असतो, आणि खिडकीशीं त्याचा बराच अंश फुकट मिळतो. ती जागा पूर्वग्रहानें टी.व्ही.ला वा शोभेच्या कपाटाला देऊं नये. दिवसा ती मुलांच्या अभ्यासाची असावी. उजव्या हातानें लिहिणाऱ्या मुलाच्या डाव्या बाजूनें उजेड यावा, म्हणजे हाताची सांवली अक्षरावर पडत नाहीं; डाव्या हातानें लिहिणाऱ्याचें याच्या उलट. वर्गाच्या खिडक्या डावीकडे ठेवण्याचा प्रघात याच कारणानें पडला. भिंती फिक्या रंगाच्या असाव्या; पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा बहुतेक भाग परत देते, गडद भिंत बहुतेक गिळून टाकते.

एक दिवा आणखी उरला, आणि आमच्या मतें तो सर्वांत महत्त्वाचा. रात्रीं वृद्ध माणसें दोनतीनदां उठतात. पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, अर्ध्या-एक वॉटचा पिवळा दिवा रात्रभर जळूं द्यावा. झुंबराच्या किंमतीच्या शंभराव्या हिश्शांत तो येतो. देवाजवळची समई मात्र या सगळ्या हिशेबांतून वेगळी ठेवावी. तिच्या उजेडाची योग्यता लक्सनें ठरत नाहीं. पडद्यांपासून ती हातभर दूर असली म्हणजे झालें.

खर्चाचा क्रम आम्ही असा सुचवूं. प्रथम बिनपैशाचीं कामें: वाट मोकळी करणें, खुर्च्यांच्या जागा बदलणें, दिव्यांवरील धूळ पुसणें. मग रात्रीचा दिवा आणि वाचनाचा दिवा. मग वडील माणसांच्या दोन खुर्च्या. त्यानंतर दिवाण. एवढें झाल्यावर पैसे उरले आणि हौस उरली, तर झुंबर अवश्य घ्यावें. आमची त्याला ना नाहीं.

आणि हें सारें झाल्यावर, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं किंवा भाऊबिजेच्या रात्रीं, सुरुवातीस केलेला तो पट पुन्हां एकदां भरावा. पूर्वीं ज्या चौकटी कोऱ्या होत्या त्यांत आतां नांवें बसलीं काय, एवढेंच पाहावें. आंतल्या खोलींत गेलेल्या आजी बाहेर आल्या असतील आणि उंबऱ्यांत उभी राहणारी सून आंत येऊन बसली असेल, तर ती खोली सजली असें समजण्यास कांहींच प्रत्यवाय नाहीं.